पादुआहून आईला

पादुआ, इटली

ती. आईस सा. न. वि. वि.

सर्दी गेली. जेवणाची आबाळ नाही, हे बाबांनाही सांग. फोनवर तू विचारलंस, "प्रेमाच्या कवितांवर कुणी पीएच.डी. करतं का?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून हे पत्र.

तुला वाटतं तसलं प्रेम नाही गं हे. पेत्रार्क हा चौदाव्या शतकातला इटालियन कवी. तो स्वतःच लिहितो की ६ एप्रिल १३२७ रोजी फ्रान्समधल्या आविन्योंच्या चर्चमध्ये त्यानं लॉरा नावाच्या बाईला पाहिलं. पुढं जन्मभर लिहीत राहिला. संग्रहात ३६६ कविता, त्यातली ३१७ सुनीतं, बहुतेक तिच्याचवर. ती १३४८ च्या प्लेगात गेली तरी हा थांबला नाही. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या त्रुबादूर, म्हणजे प्रेमगीतं रचणाऱ्या कवींनी आधीच घालून दिलेली रीत ही: बाई उंचावर, बहुधा दुसऱ्याची बायको, आणि कवी तिचा चाकर. गंमत म्हणजे त्याला दोन मुलंही होती. त्यांच्या आईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. मला राग येतो तो याचा. म्हणून मी पीएच.डी.साठी गास्पारा स्ताम्पा निवडली, इथंच जन्मलेली सोळाव्या शतकातली कवयित्री. तिनं तोच साचा उचलला, पण झुरणारी बाई आणि निघून जाणारा सरदार. १५५४ मध्ये ती वारली, त्याच वर्षी बहिणीनं तिच्या कविता छापवल्या.

इथला एक प्रकार मात्र मला अजून झेपलेला नाही. पदवी मिळाली की पोरापोरींच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट घालतात. आपल्या तमालपत्रासारखीच दिसतात पानं. पेत्रार्कलाही १३४१ मध्ये रोममध्ये असाच मुकुट घातला होता. इथवर ठीक. पण मग मित्र एक भलंमोठं पोस्टर आणतात, त्यावर त्या मुलाचं व्यंगचित्र आणि त्याची सगळी लफडी यमकात! ते त्यानं विचित्र कपड्यांत, भर रस्त्यात, मोठ्यानं वाचायचं. चुकला की दारू प्यायची. आईवडील बाजूला उभे राहून फोटो काढतात. बाबा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करून मी एकटीच हसले. आणि नाही, माझ्या वेळी असलं काही करू देणार नाही. रात्री-अपरात्री हिंडतही नाही. ताईला उगाच शंका येतात. तसं इथं कुणी नाही.

शिष्यवृत्ती एक वर्षानं वाढली. म्हणजे गणपतीला येणं याही वर्षी नाही. आजीला तूच सांग, माझ्याच्यानं सांगवणार नाही. बाबांच्या मोतीबिंदूचे पैसे या आठवड्यात पाठवते. "मुलीचे पैसे नकोत" वगैरे त्यांनी काढू नये. मी सुखात आहे, भाडं भागवूनही उरतात. सोसायटीचं कर्ज मात्र पुढच्या वर्षी बघू.

आणि ते पुण्याचं स्थळ. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना वर्षभर थांबवून ठेवू नकोस, बरं दिसत नाही. पत्रिका दिलीच असशील तर परत माग. मामींना वाईट वाटेल, त्यांना मी वेगळं लिहिते.

तुझी,
धाकटी

ता. क. गोडा मसाला संपत आलाय. ताईच्या ओळखीचं कुणी येणार असेल तरच पाठव, पार्सलला पैसे घालू नकोस.