किड, करडू आणि कीड

महोदय,

माझा नातू सिनियर केजीत आहे. परवा चित्रांच्या पुस्तकात शेळीच्या पिल्लाखाली 'किड' लिहिलेलं पाहून त्यानं विचारलं, "आजी, टीचर आम्हाला 'किड्स' म्हणतात. म्हणजे आम्ही करडं?"

मी हसले खरी, पण पोराचं चुकलं नव्हतं. हा शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, तो करडाच्या अर्थानंच. माणसाच्या पोराला 'किड' म्हणणं नंतरचं, तेही आधी बोलीत. आजही तो घरगुती, सलगीचा शब्द आहे. औपचारिक लेखनात 'चाइल्ड', 'चिल्ड्रन'च शोभतं.

तशी आपणही मुलांना लाडानं 'पिल्लू' म्हणतोच की! पण शाळेच्या छापील मराठी सूचनेत 'सर्व किड्सनी डबा आणावा' कशाला? 'मुलांनी' लिहायला काय हरकत होती? त्यात छापणाऱ्यानं 'कि' दीर्घ करून 'कीड्स' केलं होतं. आमच्याकडे कीड वांग्याला लागते.

नातवाला उत्तर पटलं. आता शाळेतून आला की दारातूनच "बें" करतो.

– एक निवृत्त शिक्षिका, फलटण