रविवारी नालबंद येणार

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता नालबंद तबेल्यात येतील. सहा आठवड्यांपूर्वी किंवा त्याआधी नाल ठोकलेले सगळे घोडे आणायचेच. ‘नाल अजून शाबूत आहे’ ही सबब नको. नाल टिकली तरी खूर वाढतोच. पुढून लांबला की ताण पायाच्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) येतो.

- पाय शनिवारी संध्याकाळी धुवा, सकाळी नको. भिजलेल्या खुरात खिळे नीट धरत नाहीत.
- आजपासून रोज चारही पाय दोन मिनिटं उचलून धरा. खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. मागून जाऊ नका!
- मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) किंवा मालक हजर हवा.
- लाथ मारणारा घोडा असेल तर आधी सांगा. मागच्या खेपेला लपवलं, नालबंदाचा गुडघा सुजला.

रविवारी रपेट बंद.