पुंगळी काट्यावर कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीवर आपल्या क्रीडा पुरवणीत आलेल्या लेखात हाताने भरलेल्या काडतुसांविषयी एक सल्ला आहे: पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी पितळी कवचे) तोलून अर्ध्या ग्रेनच्या फरकाने गट पाडा, अचूकता वाढेल. सल्ला खोटा नाही, पण नवख्याला तो भलत्याच जागी घाम गाळायला लावतो.

तोलण्याचा हेतू पुंगळ्यांच्या पोटातली जागा सारखी आहे का हे ताडण्याचा; त्याचा हिशेब करून पाहा. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड. दोन पुंगळ्या बाहेरून तंतोतंत सारख्या असतील आणि एकीचे वजन एक ग्रेनने, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर तिच्या पोटातली जागा पाण्याच्या मापाने जेमतेम ०.१२ ग्रेन कमी. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीत काठोकाठ सुमारे ५६ ग्रेन पाणी मावते. म्हणजे फरक ०.२ टक्के, आणि अर्ध्या ग्रेनच्या चाळणीने पकडला जातो तो ०.१ टक्का. तोही भरवशाचा नाही. बुडाची कड आणि एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या आकडीची) खाच कारखान्यात कातून काढतात, ती कमीजास्त खोल जाते. तिथल्या पितळाचा पोटातल्या जागेशी काही संबंध नसतो. काटा मात्र सगळे पितळ एकत्रच मोजतो.

खरी जागा मोजायची तर पाण्यानेच मोजावी. त्याच रायफलीतून उडवलेल्या, पण पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, अजून न घातलेल्या दहा पुंगळ्या घ्या. चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या खोबणीत, फुगून त्यांचा बाहेरचा आकार एक झालेला असतो. लांबी सारखी हवी. उडालेला प्राइमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) जागेवरच राहू द्या, तोच खालचे बूच. कोरडी पुंगळी तोला. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेले पाणी सिरिंजने भरा, टिचकी मारून बुडबुडे काढा, पाण्याची पातळी तोंडाशी सपाट आणा (फुगवटा नको, खळगाही नको) आणि पुन्हा तोला; दोन वजनांतला फरक म्हणजे आतली जागा. दहांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात ०.३ ग्रेनच्या आत अंतर असेल, तर माझ्या मते त्या गठ्ठ्याला आणखी चाळायची गरज नाही. काट्याचा खरा उपयोग चुकून मिसळलेली परकी पुंगळी शोधण्याचा. .३०८ च्याच घडणीच्या लष्करी ७.६२ काडतुसाची पुंगळी बहुधा जाड आणि जड असते, आत जागा कमी. तेवढीच दारू घातली तर दाब चढतो. हा प्रश्न अचूकतेच्याही आधी सुरक्षिततेचा आहे.

जागेतला फरक वेगात उतरतो आणि वेगातला फरक उंचीत, पण तो दिसायला अंतर लागते. ढोबळमानाने वेग एक टक्का कमी झाला की गोळीची घसरण दोन टक्के वाढते. शंभर मीटरवर एकूण घसरणच आठेक सेंटीमीटर, त्याचे दोन टक्के म्हणजे दीड मिलिमीटर. नऊशे मीटरवर घसरण दहा मीटरच्या आसपास; तिथे तेच दोन टक्के वीस सेंटीमीटर होतात. शंभर मीटरवर लक्ष्यावर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांच्या सुंदर गटाने काडतुसे एकसारखी असल्याचे सिद्ध होत नाही ते यामुळेच.

लेखात पुंगळीच्या मानेचा, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडाचा, उल्लेखही नाही, आणि माझ्या मते निम्मे दुखणे तिथेच आहे. मान गोळीला किती घट्ट धरते यावर दारू पेटतानाचा सुरुवातीचा दाब बऱ्याच अंशी ठरतो. बोलीतला थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, घेऊन पाहू. गोळी ३०८ थाउ, मानेची भिंत १४.५ थाउ, भरलेल्या काडतुसाची मान झाली ३३७. डायमध्ये मान आवळणारे कडे, म्हणजे बुशिंग, ३३५ चे लावले तर पकड दोन थाउ. आता दुसऱ्या पुंगळीची भिंत १४ थाउ आहे असे धरा. भरलेली मान ३३६, बुशिंग तेच, पकड एक थाउ. भिंतीत अर्ध्या थाउचा फरक आणि पकड निम्मी! पितळ थोडे परत उसळते ते वेगळेच. म्हणून बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाच्या, भिंतीची जाडी मोजणाऱ्या मापकाने) मान चार बाजूंनी मोजावी. एकाच मानेत एक थाउहून जास्त फरक निघाला तर ती पुंगळी सरावाला ठेवावी. अशी मान गोळीला वाकडीही बसवते.

भिंत सारखी असूनही पकड बदलते, कारण दर वेळी उडाल्यावर आणि डायमधून गेल्यावर पितळ कडक होत जाते. दोनदा वापरलेली आणि सातदा वापरलेली पुंगळी एका डब्यात ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. गोळी बसवताना प्रेसचा (काडतूस भरायच्या दाबयंत्राचा) दांडा एकीला लोण्यासारखा उतरतो, पुढचीला अडखळतो. ती अडखळलेली तिथल्या तिथे वेगळी ठेवा. मान ताव देऊन मऊ करता येते, पण फक्त मान आणि खांदा (मानेखालचा उतार). पुंगळीच्या मधोमध २३० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या खुणेच्या रंगाचा पट्टा ओढावा. तो वितळला तर उष्णता फार खाली उतरली. बूड मऊ झालेली पुंगळी दाब पेलत नाही, ती चेपून फेकूनच द्यावी. मान भडक लाल होईपर्यंत तापवली तर ती गोळी धरण्याइतकीही ताठ राहत नाही.

बाकीचे थोडक्यात. बोल्ट रायफलीसाठी (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायच्या) डायमध्ये खांदा एक-दोन थाउच मागे ढकलावा. दर वेळी जास्त ढकलला तर बुडाच्या वर पितळ ताणून पातळ होते. बाहेर चकाकती रेघ दिसते, आत वाकवलेली तार फिरवली की खाच लागते. अशा पुंगळीचे चेंबरमध्ये दोन तुकडे होऊ शकतात. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणावी. लांब राहिली तर चेंबर तिचे तोंड गोळीवर आवळतो आणि दाब उसळतो. फ्लॅश होलच्या (ठिणगी दारूपर्यंत नेणाऱ्या बुडातल्या भोकाच्या) आतल्या तोंडाशी उरलेली पितळाची धार एकदाच काढावी.

लेखासोबत तीन गोळ्यांच्या गटाचे छायाचित्र पुरावा म्हणून छापले आहे. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा गोळ्या मारल्या तरी वेगाच्या प्रमाण विचलनाचा अंदाज सुमारे २४ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. तोललेल्या आणि न तोललेल्या पुंगळ्यांचे प्रत्येकी वीस वेग शेजारीशेजारी छापले असते, तर वाचकाला स्वतः ताडून पाहता आले असते.

आपला,
एक नेमबाज वाचक