रविवारच्या भेटीला गिनीपिग आणताना

सभासदहो, रविवारी सकाळी आठलाच जमू. २६-२७ अंशांच्या पुढे या जिवांना उष्माघाताचा धोका असतो, म्हणून बंद गाडीत त्यांना क्षणभरही ठेवू नका, अगदी कळकळीची विनंती. टोपलीत वाळलेलं गवत आणि काकडीचा तुकडा असू द्या. जोडीदार असेल तर दोघांनाही आणा, एकटं आलेलं फार बावरतं. अनोळखी नर-मादी एकत्र सोडायचे नाहीत. मुलांनी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावं. खेळायला पुठ्ठ्याचे बोगदे आणा, चाक नको, त्यानं कणा दुखावतो.

घरी रोज ढोबळी मिरची देताय ना? माणसासारखंच त्यांचं शरीरही क जीवनसत्त्व तयार करत नाही.

खाणं सोडलेलं किंवा शिंकणारं गिनीपिग आणू नका, त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.