तेरच्या वाटेवर आठवलेलं अर्लिंग्टन

मा. संपादक,
लेकीकडं इंग्लंडला गेलो होतो तेव्हा ग्लॉस्टरशायरमधल्या बिबरीला लागून असलेली अर्लिंग्टन नावाची वाडी बघितली. कोल्न नदीच्या काठी दगडी घरांची एक ओळ, बस्स. १३८० च्या सुमारास ते मठाचं लोकरीचं कोठार होतं, पुढं सतराव्या शतकात तिथं विणकरांची घरं केली, समोरच्या ओल्या कुरणात चौकटींवर कापड वाळत टाकायचे म्हणून त्याचं नाव रॅक आयल. छपराचे दगडी पत्रे पाठ वाकलेल्या म्हातारीसारखे मधेच खाली दबलेत, अन् खिडक्या इतक्या बुटक्या की आत डोकवायचा मोह होतो, पण लोक आजही राहतात तिथं, डोकवू नये.

जवळच सायरनसेस्टर, म्हणजे रोमनांचं कोरिनियम. तिथल्या म्युझियममध्ये छोट्या छोट्या दगडांनी बनवलेला ससा आहे, त्याच्यापुढून हलावंसंच वाटंना. चेडवर्थचा रोमन वाडाही १८६४ ला सापडला तसा जपलाय.

आता सांगायची गोष्ट अशी की रोमशी व्यापार तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचाही होता, जुनं तगर नावाचं व्यापारी गाव ते हेच. तिथल्या लामतुरे म्युझियममधली हस्तिदंती बाहुली पॉम्पेई या रोमन शहरात सापडलेल्या बाहुलीची बहीणच वाटते. अन् आम्ही लातूरकर काय करतो, गोरोबाकाकांचं दर्शन घेतो, भजी खातो, परत गाडीत. मी स्वतः वीस वर्षं हेच केलं राव! इंग्लंडहून आल्यावर पहिल्यांदा त्या म्युझियमची पायरी चढलो.

– एक वाचक, लातूर