‘जीभ जड आहे’ म्हणून थांबू नका

महोदय,

पहिलीतलं मूल ‘कप’ला ‘तप’ म्हणत असेल, तर ‘मोठं झाल्यावर सुटेल’ हे ऐकू नये. ‘र’ उशिरा येतो, पण ‘क’ चौथ्या वर्षापर्यंत यायला हवा. आधी कानांची तपासणी. नीट ऐकूच येत नसेल, तर पुढची मेहनत फुकट जाऊ शकते. मग उच्चाराचा सराव: सुटा ‘क’, ‘का-की-कू’, शब्द, शेवटी वाक्य. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नये. आठवड्यातलं वाचा-उपचाराचं एकच सत्र पुरत नाही, घरी रोज दहा मिनिटं सराव हवाच. वर्गात सगळ्यांसमोर ‘नीट बोल’ म्हटलं की मूल बोलायचंच थांबतं!

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा शिक्षकांनी अशा मुलांची नावं आवर्जून द्यावीत. तपासणीनंतरच्या उपचारासाठी प्रत्येक तालुक्यात स्पीच थेरपिस्ट नेमावा, ही शासनाकडे कळकळीची मागणी.

– शालेय मुलांसोबत काम करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ