मत्स्यशेतीत करिअर? आधी पाणी मोजा

संपादक महोदय,

पर्यावरणशास्त्र शिकून शाश्वत मत्स्यशेतीकडे वळणाऱ्यांनी आधी पाण्याचे रसायन पक्के करावे. विरघळलेला ऑक्सिजन फक्त दुपारी मोजून उपयोग नाही. शैवालाचे श्वसन रात्रभर चालते, त्यामुळे नीचांक पहाटे सापडतो. उबदार पाण्यात तो लिटरमागे 3 मिलिग्रॅमकडे उतरू लागला की एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) सुरू हवाच. अमोनियाचे उलटे: दुपारी पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो. 32 टक्के प्रथिनांच्या 100 किलो खाद्यात सुमारे 5 किलो नायट्रोजन असतो. माशांच्या अंगी त्यातला थोडाच लागतो, बहुतेक पाण्यात उतरतो, तोही मुख्यतः अमोनियाच्या रूपात. हा हिशेब न येणारा पदवीधर (पदवी कितीही मोठी असो) तळ्यावर निरुपयोगीच. अभ्यासक्रमात याची प्रात्यक्षिके सकाळी अकरानंतर ठेवणेही थांबावे.

– एक वाचक